खिडकीबाहेरची नळी

डेस्फ्लुरेनसाठी मी आमच्या ट्रस्टींशी भांडले होते. मीटिंगमध्ये आवाज चढला होता, चहा कपांतच गार झाला होता. ते म्हणत होते, "मॅडम, सेव्होफ्लुरेनवर काम चाललंय ना? मग हे त्याहून महागाचं कशाला?" मी म्हणाले, "उद्या तुमच्या आईला टेबलावर घेतलं, तर हाच प्रश्न विचाराल का?" असं बोलायला नको होतं. पण असं बोललं की समोरचा गप्प होतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळून चुकलं होतं. दीडेक महिन्यात विजेवर चालणारा व्हेपोरायझर आला आणि मी त्याला नारळ फोडला. थट्टा नाही, आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, नवीन मशीन आलं की मावशी नारळ आणतातच.

भूल देणाऱ्या माणसाला डेस्फ्लुरेन हे भुलीचं औषध का आवडतं, हे बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. ते रक्तात फारसं विरघळत नाही, त्यामुळे पटकन चढतं आणि पटकन उतरतं. सर्जन शेवटचा टाका घालतोय आणि पेशंट डोळे उघडून स्वतःचं नाव सांगतोय, हे दृश्य घडवून आणता येतं. लठ्ठ पेशंटमध्ये, लांबलेल्या केसमध्ये तर फारच छान. सर्जन म्हणायचे, "मॅडमची भूल म्हणजे बटण आहे." मी नम्रपणे हसायचे आणि मनात फुलायचे. आज हे सगळं लिहायला बसले आहे, तर या फुलण्यापासूनच सुरुवात केलेली बरी. पुढे पेशंटच्या सुरक्षिततेच्या नावाखाली मी जे जे बोलले, त्यात या कौतुकाचा वाटा किती होता, ते मला नक्की सांगता येत नाही. बराच असावा.

मग एक ज्युनिअर आली. हुशार, थोडी आगाऊ, वहीत सतत काहीतरी लिहिणारी. एका दुपारी दोन केसेसच्या मध्ये तिनं विचारलं, "मॅडम, ही नळी कुठे जाते?"

भुलीच्या मशीनच्या मागून एक जाड, सुरकुत्यांची नळी निघते. पेशंटनं बाहेर सोडलेला आणि जास्तीचा वायू त्यातून जातो, म्हणजे ओटीतल्या माणसांच्या नाकात जात नाही. आमच्याकडे ती भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली होती.

"बाहेर जाते," मी म्हणाले.

"बाहेर म्हणजे कुठे?"

बाहेर देशी बदामाचं झाड होतं, त्यापलीकडे पार्किंग. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण दिवसभर डेस्फ्लुरेन त्या झाडावर सोडतो."

मी तिला झापलं. काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण तेच मी नंतर दोन सेमिनारमध्येही बोलले होते. हे हरित ओटीचं वेड श्रीमंत देशांना परवडतं, आपल्याकडे तालुक्याच्या गावी सीझर चालू असताना लाइट जातात. टेबलावर पडलेला माणूस ही माझी जबाबदारी, आकाश ही नाही. टाळ्याही मिळाल्या होत्या.

त्या रागामागे आणखी एक कारण होतं. त्यासाठी माझ्या इंटर्नशिपच्या दिवसांत जावं लागेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही शिकत होतो, तेव्हा ओटीत टाकून द्यायची वस्तू जवळपास नव्हतीच. वापरलेले ग्लोव्ह्ज धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, फुंकून भोक आहे का बघायचं, पावडर लावून जोड्या जुळवायच्या आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला पाठवायच्या. मावश्या दुपारभर गॉझच्या घड्या घालत बसायच्या. श्वासनलिकेत घालायच्या लाल रबराच्या ट्यूब धुऊन, उकळून पुन्हा दुसऱ्याच्या घशात. काचेच्या सिरिंज, बोथट झालेल्या सुया. काटकसर म्हणून आज याचे गोडवे गाणारे मला भेटतात, तेव्हा मी त्यांना माझ्या बॅचमधल्या एका मित्राची गोष्ट सांगते. त्याला सुई टोचून हिपॅटायटिस बी झाला आणि त्याचं एक अख्खं वर्ष अंथरुणात गेलं. त्याच सुमारास एचआयव्हीची दहशत सुरू झाली. मग पाकीटबंद, एकदाच वापरायच्या वस्तू येऊ लागल्या. आम्हाला ती सुटका वाटली, आणि ती सुटकाच होती. सिरिंज आणि सुईच्या बाबतीत मी आजही एक पाऊल मागे जाणार नाही. धुतलेल्या ग्लोव्ह्जचा तो ओलसर, पावडरीचा वास आजही नाकात आहे. त्यामुळे कोणी 'पुनर्वापर' हा शब्द उच्चारला की माझ्या अंगावर काटा यायचा. प्रत्येक वस्तू फोडून वापरायची आणि फेकायची, याला मी प्रगती समजत होते. शुद्ध प्रगती.

असो. ज्युनिअरनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर फक्त एक गुणाकार होता.

डेस्फ्लुरेनची बाटली 240 मिलिलिटरची. वजनात साधारण 350 ग्रॅम. शंभर वर्षांच्या हिशेबानं हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,540 पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे एक बाटली हवेत सोडली की जवळपास 890 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी किलोमीटरला 125 ग्रॅमच्या आसपास सोडते, असं धरलं तर हे सात हजार किलोमीटर होतात. खाली तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: कन्याकुमारी ते श्रीनगर आणि जवळजवळ परत.

मला आधी वाटलं, शरीरात काहीतरी मुरत असेल, सगळंच कसं बाहेर जाईल? खरं तर उत्तर मला पाठ होतं, एमडीच्या तोंडी परीक्षेत मी ते टेचात दिलं होतं. शरीर डेस्फ्लुरेनमधला 0.02 टक्के भाग तोडतं. बाकी सगळं जसंच्या तसं श्वासावाटे बाहेर. परीक्षेत हा त्या औषधाचा गुण होता. यकृताला त्रास नाही, मूत्रपिंडाला त्रास नाही. तोच आकडा उलट बाजूनं वाचायचं मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तरी मी मानलं नाही. माणूस असा सहज मानत नाही. मी विरुद्ध पुरावे शोधायला बसले आणि ते सापडलेही. डेस्फ्लुरेन हवेत साधारण 14 वर्षं टिकतं, सेव्होफ्लुरेन तर वर्ष-दोन वर्षंच. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. त्यामुळे इतक्या अल्पायुषी वायूला शंभर वर्षांच्या फूटपट्टीनं मोजणं चुकीचं आहे, भुलीच्या वायूंचा पृथ्वीच्या तापमानावर होणारा परिणाम नगण्य आहे, असं म्हणणारे जाणकार आहेत. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या माजी मुख्य शास्त्रज्ञ ज्युलिया स्लिंगो त्यांपैकी एक. मला हर्ष झाला. मी तो लेख छापून ज्युनिअरच्या हातात दिला. तिनं वाचला, म्हणाली, "बरोबर असेल मॅडम." आणि मग तिनं विचारलं, "पण आपण फ्लो किती ठेवतो?"

इथे मी अडकले.

फ्लो म्हणजे मशीनमधून दर मिनिटाला सोडलेला ताजा वायू. आमच्या मशीनमध्ये वायू गोल फिरतो. पेशंटनं सोडलेला श्वास सोडा लाईमच्या डब्यातून जातो, तिथे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उरलेला वायू, भुलीच्या औषधासकट, पुन्हा पेशंटकडे. म्हणजे खरं तर वरून फार थोडं घालावं लागतं: शरीर वापरतं तेवढा ऑक्सिजन आणि किंचित औषध. अर्ध्या लिटरवर छान चालतं. मी तीन लिटरवर चालवत होते. का? नर्सिंग होमच्या दिवसांची सवय. पंधरा वर्षं मी बॅग घेऊन या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये फिरत होते. तिथे जुनं बॉइल्स मशीन आणि बेन सर्किट असायचं, त्याला सोडा लाईम नसतोच आणि फ्लो भरपूर ठेवावाच लागतो, नाहीतर पेशंट स्वतःचाच श्वास पुन्हा घेतो. पुढे मशीन बदललं, माझ्या बोटांची सवय बदलली नाही.

तासाला किती औषध उडतं याचा ढोबळ हिशेब प्रत्येक भूलतज्ज्ञाला येतो: फ्लो गुणिले टक्केवारी गुणिले तीन. तीन लिटर, सहा टक्के, म्हणजे तासाला 54 मिलिलिटर. चार पित्ताशयांची लिस्ट म्हणजे एक बाटली. तेच अर्ध्या लिटरवर तासाला नऊ मिलिलिटर. सुरुवातीची दहाएक मिनिटं फ्लो जास्त लागतो, तेवढं सोडलं तरी सहातले जवळपास पाच भाग मी नुसते नळीतून बाहेर सोडत होते. पेशंटला त्यांची गरजच नव्हती. त्याच्या झोपेची खोली, त्याचं जागं होणं, त्याचं ब्लडप्रेशर, कशाशीच त्यांचा संबंध नव्हता. आणि मी सेमिनारमध्ये म्हणत होते, टेबलावरचा माणूस महत्त्वाचा.

हवामानाचा वाद स्लिंगोबाईंनी जिंकला किंवा हरला, तरी माझ्या या तीन लिटरना काही उत्तर नव्हतं.

मी फ्लो कमी करायला लागले ते भीत भीत. आमच्या पिढीला सेव्होफ्लुरेनच्या बाबतीत एक भूत दाखवलेलं आहे: कमी फ्लोवर सोडा लाईमशी संयोग होऊन 'कंपाउंड ए' तयार होतं आणि त्यानं उंदरांची मूत्रपिंडं बिघडतात. माणसांमध्ये तसा बिघाड दिसून आला नाही, हेही तितकंच जुनं आहे. पण भूत लक्षात राहतं, उतारा राहत नाही. पहिले काही दिवस मी मॉनिटरवरचे ऑक्सिजनचे आणि औषधाचे आकडे एखाद्या विद्यार्थिनीसारखी बघत उभी असायचे. आता एक लिटर, आता पाऊण, आता अर्धा. काहीच झालं नाही. सोडा लाईमचे पांढरे दाणे लवकर जांभळे पडायला लागले, त्याचे डबे जास्त लागू लागले, एवढंच. वर्षअखेरीस ट्रस्टींनी बिलं बघितली आणि मला फोन केला. "मॅडम, केसेस कमी झाल्यात का?" केसेस वाढल्या होत्या. तेव्हा मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही. मागच्या भांडणाची लाज वाटत होती.

डेस्फ्लुरेन मी पूर्ण सोडलं ते त्यानंतर. सेव्होफ्लुरेनची अख्खी बाटली उडवली तरी तिचा हिशेब पन्नास किलोच्या आसपास येतो, आणि डेस्फ्लुरेन तिप्पट टक्क्यांवर द्यावं लागतं, हा फरक एकदा दिसला की दिसतच राहतो. व्हँकुव्हर, मिनेसोटा आणि ऑक्सफर्डच्या ओटींची तुलना करणारा 2017 सालचा 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मधला अभ्यास मी नंतर वाचला. उत्तर अमेरिकेतल्या दोन्ही ठिकाणी ओटीच्या एकूण कार्बनमध्ये भुलीच्या वायूंचा वाटा निम्म्याहून जास्त होता, ऑक्सफर्डला जेमतेम चार टक्के. ऑक्सफर्डवाले डेस्फ्लुरेन फारसं वापरतच नव्हते, एवढाच फरक. त्यांचे पेशंट काही झोपेतून उठायचे राहिले नव्हते. स्कॉटलंडनं 2023 मध्ये ते बंद केलं. युरोपियन युनियनमध्ये 1 जानेवारी 2026 पासून वैद्यकीय कारणाशिवाय त्यावर बंदी आहे. माझं 'बटण' गेलं. सेव्होफ्लुरेनवरही पेशंट उठतात, चार-पाच मिनिटं उशिरा. सर्जन त्या वेळात फोन बघतात.

पुनर्वापराच्या बाबतीत मन बदलायला जास्त वेळ लागला, आणि ते अर्धवटच बदललं आहे.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाबद्दल मी ऐकून होते, पण 'स्वस्तात खूप ऑपरेशनं' या खात्यात टाकून. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी 1976 मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केलं. तिथल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा हिशेब 2017 मध्ये प्रसिद्ध झाला: एका शस्त्रक्रियेमागे कचरा सुमारे 250 ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइड सहा किलोच्या आसपास, म्हणजे ब्रिटनमधल्या त्याच शस्त्रक्रियेच्या साधारण पाच टक्के. एका ओटीत शेजारी शेजारी टेबलं, एकाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्याची तयारी, हत्यारांचे भरपूर संच आणि ते झटपट निर्जंतुक करण्याची व्यवस्था, एकाच बाटलीतले थेंब अनेकांना. वाचताना माझा जुना काटा अंगावर आलाच. मी लगेच संसर्गाचे आकडे शोधले. ते ब्रिटनच्या तोडीचे होते. कोविडच्या काळात तिथे प्रत्येक केसला ग्लोव्ह्ज बदलण्यासारखे कडक नियम लावले गेले, तेव्हाही डोळ्याच्या आतल्या संसर्गाच्या प्रमाणात फरक पडला नाही.

मग मला कळलं की माझी गल्लत कुठे झाली. आमच्या त्या दोरीवरच्या ग्लोव्ह्जमध्ये वाईट काय होतं? धुणारी माणसं अपुरी, ऑटोक्लेव्हची सूचकपट्टी कुणी बघत नाही, नोंद नाही, जबाबदार माणूस नाही. मी दोष वस्तू पुन्हा वापरण्याला दिला. तो निष्काळजीपणाला द्यायला हवा होता. आमच्या स्टरलायझेशन विभागात आता ज्या सिस्टर आहेत, त्या एखाद्या संचाची नोंद नसेल तर सर्जन कितीही ओरडला तरी तो संच ओटीत पाठवत नाहीत. त्यांच्या हातून आलेला कापडी गाऊन मी बिनधास्त घालते.

पण इथेही डोकं ताळ्यावर ठेवावं लागतं. मेलबर्नच्या फोर्ब्स मॅक्गेन यांनी भुलीची साधनं एकदाच वापरायची की धुऊन पुन्हा, याचा हिशेब मांडला. पैसे वाचत होते, पण कार्बन मात्र तिथे धुऊन वापरण्यात थोडा जास्तच येत होता. कारण धुण्याची आणि निर्जंतुक करण्याची वीज कोळशाची. तेच युरोपच्या विजेवर केलं तर खूप कमी. हे वाचून मला चंद्रपूर आणि कोराडीची धुरांडी आठवली. आमचा ऑटोक्लेव्ह त्यांच्यावरच चालतो. तेव्हा 'आजीच्या काळी सगळं धुऊन वापरायचे' एवढ्यानं भागत नाही. ऑटोक्लेव्ह अर्धा रिकामा चालवायचा नाही, हे आधी.

कचऱ्याबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण सगळे त्याबद्दलच बोलतात. 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, काचेचा निळा, हे आमच्या मावशींना माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. डॉक्टरच चुकीच्या बादलीत टाकतात. 'लागलं तर असू दे' म्हणून फोडून ठेवलेलं आणि न लागलेलं सामान कमी करणं, एवढं एक काम मी नेटानं केलं आणि त्यासाठी सर्जनच्या शिव्या खाल्ल्या.

एसीबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तिथे मी सरळ सरळ मूर्खपणा करत होते. ओटीत हवा तासाला वीसेक वेळा बदलायची असते, ती गाळायची, थंड करायची. त्याच 2017 च्या अभ्यासात ओटीच्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग याच कामाला जात होता. आमच्या सर्जनना गाऊनमध्ये उकडतं म्हणून आम्ही तापमान अठरावर न्यायचो, मग पेशंट गार पडू नये म्हणून त्याच्यावर गरम हवेचं ब्लँकेट घालायचो. दोन्ही विजेवर. आणि रात्री, ओटी कुलूपबंद असताना, सगळं तसंच चालू. 'इन्फेक्शन' एवढा एक शब्द उच्चारला की एसीच्या बटणाला कोणी हात लावत नाही. तो शब्द उच्चारणारी मीच होते. आता रात्री हवेचा वेग कमी होतो, दाब राखला जातो, आणि पहिल्या केसच्या तासभर आधी यंत्रणा पूर्ण वेगानं सुरू होते. इमर्जन्सीची एक ओटी सोडून.

या सगळ्यानंतर मला वाटत होतं की माझं झालं. नायट्रस ऑक्साइड तर मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं, नवीन मशीनवर हवा-ऑक्सिजन देते. किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट, हवेत शंभराहून जास्त वर्षं टिकणारा, शिवाय ओझोनला खाणारा. इथे अल्पायुष्याचा युक्तिवादही चालत नाही. तो माझ्या ओटीत नाही, याचा मला अभिमान होता.

गेल्या पावसाळ्यात काही कामानं तळमजल्यावर गॅसच्या खोलीत गेले. तिथले मामा निळी सिलिंडरं फिरवत होते.

"नायट्रस? कुणाला लागतंय?"

"माहीत नाही मॅडम. पण संपतंय ना. मी बदलतो."

"किती दिवसांनी?"

"आधी बदलायचो तेवढ्याच. थोडं कमी असेल."

मी काटा बघितला. भरलेला दाखवत होता. नायट्रस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतं, शेवटचा थेंब उडेपर्यंत दाब तोच राहतो. काट्यावरून गळती कधीच कळत नाही, हेही मी परीक्षेत सांगितलेलं. खोलीपासून वरच्या पाच ओटींपर्यंत तांब्याची पाइपलाइन, तिचे जुने सांधे, भिंतीतली जोडणी. कुठूनतरी दिवसरात्र चाललं होतं. एडिंबरोच्या फार्मसिस्ट अलिफिया चाकेरा यांनी स्कॉटलंडमधल्या रुग्णालयांत हेच शोधून काढलं होतं: पाइपलाइनचं नायट्रस बहुतेक पेशंटपर्यंत पोचतच नाही. मी ते वाचलं होतं, ज्युनिअर्सना शिकवलंही होतं. आमच्या तळमजल्यावर उतरून बघितलं नव्हतं.

मी वर जाऊन सगळ्या भूलतज्ज्ञांना फोन केले, प्रसूती विभागाला विचारलं, दातांच्या विभागाला विचारलं. कुणीच वापरत नव्हतं. लागलंच तर मशीनवर छोटं सिलिंडर लावता येईल, असं ठरलं. संध्याकाळी मामांनी पाना लावला आणि दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या चाव्या बंद केल्या. पाइपलाइनचा काटा लगेच पडला नाही. आम्ही दोघं तिथे स्टुलांवर बसून राहिलो. मामांनी तंबाखू मळली आणि माझ्याकडे बघून परत डबीत ठेवली. अर्ध्या तासानं काटा हलायला लागला.

"मॅडम, उद्या ओटीत काही अडलं तर माझ्या नावावर नको हं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाच ओटींत मिळून सतरा केसेस झाल्या. कुणीही काही विचारलं नाही.